ढेपेखालचा डबा

आमच्या गावात रेशनचं कोणी खात नव्हतं. हे मी नाही सांगत, गावातले पुरुष सांगायचे, आणि अशा थाटात सांगायचे की रेशनचा गहू घरात आला तर केळीचा बाग उभ्याउभ्या वाळून जाईल असं ऐकणाऱ्याला वाटावं. बहात्तरच्या दुष्काळात सगळ्या गावाने रेशनच्या लाल ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या होत्या. पुढे पाऊस झाला, विहिरींना पाणी आलं, केळी लागल्या, आणि त्या लाल भाकरीचा राग लोकांनी रेशनच्या दुकानावर काढला तो काढलाच. "पिशवी घेऊन लाइनीत उभं राहायचं काम आपलं नाई," असं माझे जेठ तोताराम आबा पारावर बसून म्हणायचे आणि बाकीचे माना डोलवायचे. हेच आबा रेशनच्या दक्षता समितीचे अध्यक्ष होते. जो माणूस दुकानाची पायरी चढत नाही त्याला दुकानावर लक्ष ठेवायला नेमायचं, ही अक्कल आमच्याच गावाची.

मी बेबाबाई, आबांच्या धाकट्या भावाची बायको. जळगावजवळच्या असोद्याच्या पुढे आमचं गाव, घर एकत्र, चूल एक. त्या काळी जेठासमोर आम्ही पदर कपाळावर ओढून गप्प उभ्या राहायचो. तोंड बंद असलं की डोळ्यांना बरंच दिसतं, म्हणून हे सगळं मला नीट आठवतं. पंच्याऐंशी-शहाऐंशीचा हिवाळा असेल.

आता तेलाचं सांगते. खान्देशी माणसाला भाजीत तेल चालत नाही, त्याला तेलात भाजी लागते. वाटी जरा कलती केली की आधी लाल तर्री पुढे यायला हवी, नाहीतर आबा ताट सरकवून उठायचे. इकडे शेंगदाण्याचं तेल महाग होत चाललेलं, केळीला भाव मिळेल तो मिळेल, पण तर्री कमी झालेली कोणा पुरुषाला खपायची नाही. मग रेशनला पामतेल यायला लागलं, आणि गावातल्या बायकांनी पुरुषांना न विचारता हा प्रश्न निकालात काढला.

काढला तो असा. रेशनचं दुकान उखर्डूभाऊचं. त्याच्याकडे पुढच्या दाराला रेशन आणि मागच्या दाराला गुरांसाठी सरकीची ढेप. ढेप आणायला जाण्यात कसली लाज? उलट, दारात म्हैस आहे हे गावाला दिसतं. आम्ही टोपलीत तेलाचा डबा ठेवायचो, वरून ढेपेचे तुकडे, आणि भर बाजारातून ताठ मानेने घरी. शेजारच्या धनसिंगची म्हैस मरून वर्ष झालं होतं, पण त्याच्या बायकोची ढेप काही बंद झाली नव्हती. धनसिंगनेही कधी विचारलं नाही की बाई, ही ढेप खातं कोण.

पहिलं पिंप आलं त्याच दिवशी माझ्या मोठ्या जावेने, म्हणजे आबांची बायको सुगंधाबाई अक्का हिने, उखर्डूभाऊला मनुदेवीची आण घातली होती, की कोणत्या घरात तेल जातं ते तोंडातून निघता कामा नये. सही-अंगठाही कोणी करायचा नाही, त्यानेच लिहून टाकायचं. उखर्डूभाऊ बिचारा सरळ माणूस. त्याला जमीन नाही, बाग नाही, घरात म्हातारी आई आणि बायको लताबाई. दुकान हाच त्याचा बाग. त्याने आण घेतली आणि पाळली, आणि त्या पाळण्यापायीच तो गोत्यात आला.

झालं काय, पुरवठा खात्याचा नवा इन्स्पेक्टर तपासणीला आला. साहेब मूळचे कोकणातले. दुकानातलं तांदळाचं न उघडलेलं पोतं त्यांनी उसवायला लावलं. मूठभर तांदूळ नाकाशी नेऊन ते म्हणाले, "असा तांदूळ उंदरांना घालता?" आमच्याकडे भात एक तर आजाऱ्याला, नाहीतर लग्नाच्या पंगतीला. पण हे त्यांना कोण सांगणार?

पारावर पुरुष जमले. साहेबांनी सरळ विषय काढला. "मी जळगाव-धुळे दोन्ही जिल्हे फिरलोय. पश्चिमेला डोंगराकडे गेलो तर लोक तांदूळ उचलतात. धुळ्याच्या कोरडवाहू गावांत गहू-ज्वारी उचलतात. तुमच्या या केळीच्या पट्ट्यात धान्याला कोणी हात लावत नाही, आणि पामतेलाचं पिंप आलं की आठवड्यात कोरडं. हे तेल खातं कोण?"

"आमी नाई," आबा म्हणाले. "आमच्या घरात घाण्याचं शेंगदाण्याचं तेल. पामतेल आमी दिव्यातबी नाई टाकत."

मग एकेकाने तीच री ओढली. आमचे हे, अभिमन, त्यांचीही पाळी आली. सकाळीच त्या तेलातली मेथीची भजी खाऊन बाहेर पडले होते, मिशीला अजून चकाकी होती. तेही म्हणाले, "आमी नाई."

साहेब उखर्डूभाऊकडे वळले. "मग गेलं कुठे? पुस्तकात सगळीकडे तुझंच अक्षर. म्हणजे काळ्या बाजारात गेलं."

उखर्डूभाऊचा चेहरा पडला. पारामागच्या कुडाच्या आड आम्ही बायका उभ्या होतो तिकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. "साहेब, ज्यानं नेलं त्यानं सांगावं. माह्या तोंडून नाव निघायचं नाई."

"उद्या संध्याकाळपर्यंत एक जरी कार्डवाला समोर येऊन म्हणाला की तेल मी नेलं, तर ठीक. नाहीतर अध्यक्षांची सही घेऊन दुकानाला कुलूप." एवढं बोलून साहेब मोटारसायकलला किक मारून जळगावला गेले.

त्या दुपारी लताबाई आमच्या मागच्या दाराने आली. टोपली नव्हती हातात. अक्कासमोर बसली आणि रडायलाच लागली. "अक्का, तुमी एक शब्द बोला. तुमी बोलल्या तं साऱ्या बोलतीन. नाईतं आमी जावं कुठं?"

अक्काने तिचा हात धरला, पण शब्द काही दिला नाही. कारण दुसऱ्याच दिवशी धुळ्याकडचे पाहुणे यायचे होते, अक्काच्या मुलीला, आमच्या भागाला बघायला. मुलगा बँकेत, माणसं चांगली. भागाने त्याला एका लग्नात पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती भाकरी थापता थापता उगीच हसायची. मध्यस्थ मोतीलाल. त्याने तिकडे सांगून ठेवलं होतं की या घराने रेशनची पिशवी कधी पाहिलेली नाही. तिकडच्यांनीही उलट सांगावा धाडला होता की आमचंही तसंच, म्हणूनच घर जुळतं.

"पाहुने गेले की सांगते," अक्का म्हणाली.

"कुलूप उद्याच लागनार, अक्का."

लताबाई डोळे पुसून उठून गेली. मला अक्काचा राग आला, आणि मी तरी कुठे तोंड उघडलं होतं, म्हणून स्वतःचाही आला.

पाहुण्यांनी आधीच फर्माईश केली होती, की जेवण शेतात आणि भरीत असोद्याच्या वांग्यांचंच. केळीच्या बागेत, विहिरीशेजारी, अक्काने कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ केला, त्यात वांगी भाजली, लाकडी भांड्यात मिरची-लसणीबरोबर ठेचली, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे. भरिताला तेल लागतं वाटी वाटी आणि पुऱ्यांना कढईभर. घरात घाण्याच्या तेलाची एक बाटली होती, ती फडताळात पुढेच ठेवलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. ती एवढ्या माणसांना कुठे पुरायला? अक्काने माझ्याकडे पाहिलं, मी ढेप बाजूला केली आणि डबा काढला.

पाहुणे जीपगाडी भरून आले. मुलाचे वडील भाईदास नाना अंगापिंडाने भरलेले, खर्जात बोलणारे. आई यशोदाबाई बारीक चणीची, बोलणं कमी, नजर मात्र सगळीकडे. दिवस कलला तशी ताटं वाढली. भाईदास नानांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "वा! हाई खरं घाणानं तेल. आमना घर बी हाईच."

आबांची छाती फुगली. झालं, दोघं व्याही तेलावर घसरले. कोणता घाणा, कोणता दाणा, वास कसा ओळखायचा, बाजारच्या तेलाने घसा कसा धरतो. घास हातात, हात हवेत, आणि बोलणं संपेना. त्या वर्षी थंडी अशी पडली होती की केळीची पानं करपून गेली होती, आणि बागेला पाणी दिलेलं, त्यामुळे गारठा जमिनीतून वर येत होता.

पामतेलाचं एक असतं. गरम असतं तोवर ते कोणाचंही होतं. गार झालं की आपलं मूळ दाखवतं.

मी पुऱ्या वाढायला वाकले तर आबांच्या ताटात भरिताच्या कडेने पांढरी रेघ धरलेली. बघता बघता सगळ्यांच्या ताटात ती चढली. पुऱ्यांवर मेण चढवल्यासारखा थर आला. भाईदास नानांनी पुरी उलटी केली, तर खालूनही तेच. मोतीलालने आपलं भरीत बोटाने भराभर कालवलं आणि गपागप संपवून टाकलं, जणू पुरावाच गिळला.

नेमकी तेव्हाच मोटारसायकल वाजली. साहेब शेतातच आले होते, काखेत कागद, सही घ्यायला. मागून उखर्डूभाऊ, पायी, हातात दुकानाची किल्ली. पण आमच्याकडे भरिताच्या पंगतीला आलेला माणूस न जेवता जात नाही, मग तो कुलूप लावायला का आलेला असेना. साहेबांना बसवलं, ताट दिलं. त्यांनी घास उचलला आणि थांबले.

"हे पांढरं काय आहे हो?"

"तूप," आबा म्हणाले.

"भरितात?"

"साजूक. घरच्या म्हशीचं. पाहुन्यांसाठी खास."

तूप घातलेलं वांग्याचं भरीत! मला पदराआड हसू आवरेना. भागा चुलीमागे बसून पदराचं टोक चावत होती. साहेबांनी कोकणी सभ्यपणाने घास गिळला, हात धुतला आणि कागद आबांपुढे धरला. "कार्डवालं कोणी आलं नाही. सही करा. मी दुकान बंद करून जातो."

उखर्डूभाऊने किल्ली पुढे केली. अक्काकडे त्याने बघितलंही नाही. आबांनी पेन हातात घेतलं. ते कागदाला टेकेना, पण आबा ते खालीही ठेवेनात.

अक्का उठली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि जेवणाऱ्या पुरुषांच्या मधोमध येऊन उभी राहिली. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, तिला असं उभं राहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"साहेब, ते तूप नाई. रेशनचं तेल हाये. उखर्डूभाऊकडून म्या आनलं. आजचं नाई, पहिल्या पिंपापासून आनते. त्यानं चोरी नाई केली. माह्या शब्दापायी तो गप बसला."

"सुगंधा!" आबा ओरडले.

"वरडू नका. तुमची एवढी वर्षांची मिजास म्या त्याच तेलात तळली. आज ती दुसऱ्याच्या पोटावर यायला लागली, आता नाई तळत." मग ती पाहुण्यांकडे वळली आणि हात जोडले. "आमचं घर रेशनचं खाते. आता तुमाले पटलं तं पोरगी पाहा, नाईतं जेवून सुखानं जा. पोरीचा यात काई दोष नाई."

विहिरीवरचं इंजिनसुद्धा तेव्हाच बंद पडलं. भागाने डोळ्यांवर पदर घेतला. मोतीलाल तर केळीच्या खुंटाआड सरकायला जागा शोधत होता.

यशोदाबाईंनी हातातली पुरी ताटात ठेवली.

"ताट चुल्हाजवळ ठेवनं पडस, बहीण," त्या शांतपणे म्हणाल्या. "थंडीमा हाई तेल असंच थिजी जास. मी डबा बी चुल्हाजवळच ठेवस."

भाईदास नाना गर्रकन वळले. "तुले काय माहीत?"

"मना घरमा बी हाईच शे. सारा गावमा हाईच शे."

"काय बोली राह्यनी तू? आपला घरमा तं शेंगदाणानं तेल शे ना?"

"ते तुम्हना बोलामा शे," यशोदाबाई म्हणाल्या. "कढईमा हाईच शे."

आधी साहेब हसले. मग आमचे हे हसले, आणि आबांनी पाहिल्याबरोबर खोकायला लागले. यशोदाबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या अक्काजवळ सरकल्या आणि कानगोष्ट करावी तसं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "डबावर तुम्ही काय ठेवतस?"

"ढेप," अक्का म्हणाली.

"आम्ही गोवऱ्या ठेवतस."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग ज्या हसायला लागल्या, त्या अक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. ते पाणी सगळंच हसण्याचं नव्हतं. साहेबांनी कागदावरचं काहीतरी खोडलं आणि पुटपुटले, "म्हणजे पूर्वेला ढेप, पश्चिमेला गोवऱ्या. हे वर कळवू कसं?" मीही पुढे झाले आणि जेठासमोर आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. "साहेब, माह्यंबी नाव लिहा. टोपली मीच उचलते." माझ्यामागे धनसिंगची बायको आली. ती पुऱ्या लाटायला आली होती. "माह्यंबी. आन म्हैस वरसापूर्वीच मेली, तेबी लिहा."

साहेबांनी तेल नेल्याची सही कोण करणार विचारलं तेव्हा आबा कसेबसे म्हणाले, "घरचा कर्ता मी हाये. द्या इकडे." अक्काने कागद आपल्याकडे ओढला. "आनलं म्या, सही बी मीच करीन." तिसरीपर्यंत शिकलेली ती, तिने एकेक अक्षर दाबून दाबून नाव लिहिलं. उखर्डूभाऊने किल्ली कमरेला खोचली. मग तो खाली बसला आणि जेवायला लागला. थिजलेलं भरीत इतक्या आवडीने खाताना मी कोणाला पाहिलं नाही.

पाहुण्यांनी भागाला पसंत केलं. सुपारी तिथेच फुटली. भाईदास नाना जीपमध्ये बसेपर्यंत तेलाबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

सगळे गेल्यावर लक्षात आलं, अक्का जेवलीच नव्हती. आम्ही भांडी आवरत होतो. आबा उठले, अक्काचं झाकून ठेवलेलं ताट उचललं आणि निखाऱ्यांजवळ उकिडवे बसले. ज्या माणसाने कधी पाण्याचा तांब्या हाताने घेतला नाही, तो ताट फिरवून फिरवून शेकत होता. भरितावरचं पांढरं विरघळलं तसं त्यांनी ते अक्कापुढे ठेवलं.

"खाय. थिजलं की टाळूले चिकटते ते."

अक्काचा हात थांबला. "तुमाले काय माहीत?"

आबा निखाऱ्यांकडे बघत राहिले. "दर हिवाळ्यात चिकटते."

"म्हंजे तुमाले ठाऊक होतं?"

"घाण्याचं तेल असं थिजत नाई, येवढं मलेबी समजते."

"मंग बोलले काऊन नाई?"

"तू येवढी लपवून आनायची. म्हटलं, बोललो तं तुले वाईट वाटीन."

क्षणभर अक्काचा चेहरा मऊ झाला. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू? पण अक्का ती अक्का.

"आन काल पारावर? उखर्डूभाऊच्या दुकानाले कुलूप लागत होतं, तवा कोनाले वाईट वाटनार होतं?"

आबा काडीने निखारे उकरत बसले. अक्काने सावकाश एक घास खाल्ला, मग दुसरा. तिसऱ्या घासाला म्हणाली, "पुढचं पिंप आलं की डबा घेऊन तुमी जा. पुढच्या दारानं."

पुढच्या महिन्यात पिंप आलं. आबा उघडा डबा हातात घेऊन बाजारातून निघाले तेव्हा सगळा पार उठून उभा राहिला. मी दाराआडून पाहत होते. दोनदा त्यांचा पाय अडला, एकदा तर ते केळीच्या गाडीआड थांबले, पण परत फिरले नाहीत. दुकानाची पायरी चढले. उखर्डूभाऊ गडबडून उभा राहिला.

"आबा, तुमी? ढेप पाहिजे का?"

"तेल दे," आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग जरा हळू, "आन चुकलं माह्यं, उखर्डू."

उखर्डूभाऊने मापाने तेल ओतलं, डब्याचं झाकण लावलं, आणि हाताची सवय, वरून ढेपेचा एक तुकडा ठेवला. आबांनी तो उचलला आणि त्याच्या हातात परत दिला.